सांगितल्यावाचून पुढे होणे

सांगितलेले काम चोख करणे हा मोठा गुण आहे, व शाळेत आम्ही तो नित्य शिकवितो. परंतु तेवढ्याने मनुष्य कर्तव्यदक्ष ठरतो, असे मला वाटत नाही. समोर दिसणाऱ्या गरजेसाठी, कोणी न सांगता, पुढे होणे ही त्यापुढील पायरी होय.

आंबेगाव तालुक्यातील माळीण गावाची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. ता. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी मुसळधार पावसात डोंगर खचून गावावर आला व दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गाव आडबाजूचे, ही वार्ता बाहेर नेणार कोण? ती नेली एस. टी.च्या एका चालकाने. नेहमीच्या फेरीवर आला असता, जेथे घरे असावयाची तेथे त्यास चिखलाचा ढीग दिसला. गाडी ठरल्या मार्गाने नेणे एवढेच त्याचे नेमून दिलेले काम. तथापि त्याने अधिकाऱ्यांस खबर दिली, म्हणून मदतीची चक्रे फिरली.

परंतु खबर अनर्थानंतरच द्यावी, असे थोडेच आहे? जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील गावे आजही डोंगरउतारांवर वसलेली आहेत. दरड कोसळण्यापूर्वी पुष्कळदा काही चिन्हे दिसतात: उतारावर नवी भेग पडते, झाडे वा विजेचे खांब कलतात, भिंतींना तडे जातात, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते. गुरे राखणाऱ्या मुलाच्या नजरेस हे सर्वांआधी पडण्याचा संभव आहे. त्याने 'मोठी माणसे पाहून घेतील' असे म्हणून गप्प बसावे काय? मुळीच नाही. भेगेजवळ न रेंगाळता त्याने तत्काळ घरी, शिक्षकांस, सरपंचांस वा तलाठ्यांस सांगावे.

पालकांस एक विनंती. मूल असे काही सांगत आले, की 'तुला काय करावयाचे आहे?' असे आपण सहज बोलून जातो. पुढाकारास आगाऊपणा समजणे ही आपली जुनी खोड आहे. दुसऱ्याच्या कामात विनाकारण ढवळाढवळ करणे हा आगाऊपणा. संकट ओळखून वेळीच सांगणे हा शहाणपणा. हा भेद आपणच न जाणला तर मुलांनी तो कोठे शिकावा?

शंभर वेळा मुलाची शंका निराधार ठरली, तर शंभरदा डोंगराकडे पाहून यावे लागेल, इतकेच. एकदा खरी ठरली, तर गाव वाचेल.