मुलांनीं बोलावें, वडिलांनीं ऐकावें

मुलांच्या रक्षणार्थ सरकारनें कायदे केले आहेत, तेव्हां आपण निश्चिंत असावें, असें पुष्कळ पालकांस वाटतें. आमचें मत निराळें आहे. कायदा कितीहि चांगला असला तरी तो आपण होऊन घरांत शिरत नाहीं. मुलानें तोंड उघडल्यावांचून बहुधा त्याला कांहींच करतां येत नाहीं. आणि मूल बोलतें कीं गप्प बसतें, हें पुष्कळ अंशीं आईबापांच्या वर्तनावर अवलंबून असतें.

इंटरनेटवर मुलांना फसविणारांची रीत पहा. खेळाच्या किंवा गप्पांच्या मिषानें अनोळखी मनुष्य समवयस्क मित्र म्हणून पुढें येतो. तो गोड बोलतो, स्तुति करितो, आणि हळूहळू मर्यादेबाहेरचें छायाचित्र मागतो. तें हातीं येतांच त्याचा सूर पालटतो. "आणखी पाठव, नाहीं तर हें तुझ्या घरीं धाडीन," ही त्याची धमकी. त्याचें खरें शस्त्र तें छायाचित्र नव्हे. मुलाला घरच्यांचें वाटणारें भय, हें होय.

कायदा मात्र मुलाच्याच बाजूचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६७ ब हें कलम २००९ सालापासून अमलांत आहे. मुलांचीं अश्लील चित्रें तयार करणें, तीं पसरविणें, मुलांना अशा कामासाठीं नादीं लावणें, हे त्या कलमान्वयें गुन्हे असून पहिल्याच अपराधास पांच वर्षांपर्यंत कैद व दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. २०१२ सालचा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलास व मुलीस लागू आहे. खऱ्याच नव्हे, तर बनावट चित्राचा धाक घालणें हाहि त्यांत गुन्हा ठरविला आहे. म्हणून हल्लीं यंत्राकरवीं खोटीं चित्रें बनवून धमकावणारे त्यांतून सुटत नाहींत. असलीं चित्रें स्वतःपाशीं ठेविलीं, दुसऱ्यास पाठविलीं नाहींत, एवढ्यानें कोणी निर्दोष ठरत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २३ सप्टेंबर २०२४ रोजीं स्पष्ट केलें.

कांहीं पालक म्हणतात, "फोनच हिसकावून घ्यावा, म्हणजे झालें." लहान वयांत फोन बेतानेंच द्यावा, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु संकट सांगितल्याबद्दल फोन जप्त आणि वर मार, असा न्याय झाला तर दुसऱ्या वेळीं मूल सांगेल कशाला? दुसरे म्हणतात, "चार लोकांत अब्रू जाईल." परंतु न्यायालयाच्या परवानगीवांचून मुलाचें नांव, पत्ता वा शाळा छापण्यास पोक्सोनें मनाई केली आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरीं वा त्याच्या पसंतीच्या ठिकाणीं, साध्या वेषांतील आणि होतां होईल तों स्त्री-अधिकाऱ्यानें घ्यावयाचा असतो. मुलाला रात्रीं पोलीस ठाण्यांत ठेवितां येत नाहीं. उलट, गुन्हा ठाऊक असून न कळविणारा प्रौढ मनुष्यच शिक्षेस पात्र होतो. आपल्या हाताखालील मनुष्याचा असा गुन्हा झांकणाऱ्या संस्थाप्रमुखास तर एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. नांवाला बट्टा लागेल म्हणून गप्प बसण्याची मुभा आम्हां शाळांनाहि नाहीं, आणि ती नसावी हेंच योग्य.

विद्यार्थ्यांनो, असा प्रसंग आलाच तर पैसे देऊं नका, आणखी चित्र पाठवूं नका, आलेले संदेश पुसूं नका. त्याच दिवशीं आईस, वडिलांस किंवा विश्वासाच्या शिक्षकास सांगा. १०९८ हा क्रमांक मुलांच्या मदतीसाठीं अहोरात्र चालू असतो. सायबर गुन्ह्यांसाठीं १९३० आहे. सोबत्याचें तसलें चित्र तुमच्याकडे आलें तर तें पुढें धाडूं नका. गंमत म्हणून केलें, ही सबब कायद्यापुढें चालत नाहीं. दोष फसविणाराचा आहे, फसलेल्याचा नव्हे.

आणि पालकांनो, मूल सांगावयास येईल तेव्हां "तूं असें कां केलेंस?" हा पहिला प्रश्न नसावा. आधीं त्यास जवळ घ्यावें, सर्व ऐकावें, मग ठाण्याची वाट धरावी. जेथें एवढें होईल, त्या घरापर्यंतच हे कायदे पोंचतील.