दंड अमेरिकेचा, वसुली कापूसवाल्याकडून

अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. त्यातला निम्मा रशियाचे तेल घेतल्याचा दंड. तेल घेतले तेल कंपन्यांनी, फटका बसला तिरुपूरच्या कापडाला आणि भरपाई कोणाच्या खिशातून? यवतमाळ-परभणीच्या कोरडवाहू कापूसवाल्याच्या.

तारखा नीट पाहा. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितले की शेतकऱ्याच्या हिताआड येणाऱ्या धोरणापुढे आपण भिंतीसारखे उभे आहोत. १८ ऑगस्टला अर्थमंत्रालयाने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. भिंत तीन दिवस टिकली. सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, दहा दिवसांनी ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली.

ऑगस्टात आपला कापूस पात्या-फुलांवर असतो. बियाणे, खत, निंदण उधारीवर होऊन गेलेले. पीक बदलायची सोय नाही. दसऱ्याच्या सुमारास पहिला वेचा घरी येतो आणि कर्जवाल्याला तो डिसेंबरपर्यंत विकावाच लागतो. सरकारने मुदत नेमकी तेवढीच निवडली.

आता हिशेब. शुल्क उठताच खुद्द सरकारच्या सीसीआयने आपल्या गाठींचा विक्रीदर दोन दिवसांत खंडीमागे १,१०० रुपयांनी उतरवला. खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. क्विंटलभर कापसाची ३४ किलो रुई धरा; क्विंटलमागे १०५ रुपये गेले. आपली बोंडे अजून फुटायची होती!

हमीभाव आहे ना, असे सांगतील. आहे. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. पण केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांवर गेला की कपात, १२ वर गेला की गाडी परत. परतीच्या पावसात भिजलेला कापूस वाळवायला चांगले ऊन लागते आणि मोठे अंगण लागते. शिवाय २०२५ पासून मोबाइलवर नोंदणी करून तारीख घ्यायची. (रेंज शोधत बांधाबांधाने हिंडण्याची मजुरी उत्पादन खर्चात कोणी धरत नाही.) तोवर खेडा खरेदीवाला दारात उभाच असतो.

खुल्या बाजाराला आमचा विरोध नाही. जगाच्या भावाशी टक्कर द्यायची तर देऊ, पण दार दोन्ही बाजूंनी उघडे हवे. ५ मार्च २०१२ ला गिरण्यांना कापूस कमी पडेल म्हणून निर्यातबंदी आली. ओरड झाली तेव्हा आठवडाभरात मागे घ्यावी लागली. सरकार तेव्हा दुसऱ्या पक्षाचे होते. कापड कामगाराची काळजी आम्हालाही आहे. त्याला वाचवायचे तर खर्च तिजोरीने उचलावा, तो आमच्या काट्यावर का?

ज्वारीवाल्यांनी हे दुसऱ्याचे दुखणे समजू नये. घरचे दाणे आणि कडबा ज्वारीचा, पण पोरांच्या फीला रोकड येते ती कापसाचीच.

जिल्हा बैठकीत ठराव मांडत आहोत : कापसाचे आयात-निर्यात धोरण मेअखेर, पेरणीआधी जाहीर व्हावे आणि वर्षभर त्याला हात लावू नये, लावलाच तर पडलेल्या भावाचा फरक सरकारने भरावा. येताना २०२५ च्या हंगामातल्या काटापट्ट्या आणा, केंद्रावरच्या असोत की खेडा खरेदीच्या. तारखेप्रमाणे लावून त्या निवेदनाला जोडायच्या आहेत.