सोबतीची किंमत कोण मोजणार?

बाळंतपण हा बायकांचा विषय म्हणून पुरुषांनी त्याकडे पाठ फिरवली. बायकांच्या हातात जे उरलं होतं, तेही हळूहळू दवाखान्याने काढून घेतलं. दवाखान्यातल्या बाळंतपणाला माझा विरोध नाही. रक्तस्रावाने, झटक्यांनी, मूल अडल्याने किती बायका गेल्या, हे आपापल्या आज्यांना विचारलं तर कळेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. ही मोठीच कमाई आहे. पण ती मिळवताना आपण काय गमावलं?

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. तिच्यात खर्च मुलीच्या बापावर टाकण्याचा कावा होता, तसं एक शहाणपणही होतं: कळा देणाऱ्या बाईजवळ तिचं माणूस हवं. आज तिची आई दवाखान्यापर्यंत येते आणि थर्मास, जुनी लुगडी घेऊन दाराबाहेर बसते. आत मुलगी एकटी. वस्तीतल्या कितीतरी जणींचं माहेर तर दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासाच्या अंतरावर असतं.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी वस्त्यांमध्ये काम करते. बायका आपलं बाळंतपण सांगतात तेव्हा कळांपेक्षा जास्त बोलतात ते अपमानाबद्दल. ‘तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस?’ हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय, की ते कुठल्या एका दवाखान्याचं उरलेलं नाही. धाकटी झाल्यावर मी प्रसूतीपूर्व शिक्षणाचं आणि ‘डूला’चं प्रशिक्षण घेतलं, ते यामुळे.

डूला म्हणजे सुईण नव्हे, नर्सही नव्हे. ती तपासणी करत नाही, औषध देत नाही. ती जवळ राहते. कंबर चोळते, पाणी पाजते, चालायला-वळायला मदत करते, डॉक्टर काय म्हणाले ते सोपं करून सांगते. आणि त्याआधी, सातव्या-आठव्या महिन्यात, गर्भाशयाचं तोंड कसं उघडतं, कळा वाढवायचं इंजेक्शन कशासाठी, टाके कधी लागतात, सिझेरियन कधी टळत नाही, हे समजावते. विचारायचे प्रश्न आधी माहीत असले, तर भीती निम्मी होते.

हे नुसतं माझं मत नाही. पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. सतत सोबत मिळालेल्या बायकांमध्ये सिझेरियनचं प्रमाण कमी आणि कळांचा काळ थोडा आखूड दिसला. आपल्या देशात २०१९-२१ च्या पाहणीत खाजगी दवाखान्यांतली ४७ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसली, सरकारी दवाखान्यांतली १४ टक्के. एकीकडे चाकू फार लवकर उचलला जातो, दुसरीकडे बाईकडे बघायला माणूस नसतं. दोन्हीकडे सोबत हवी.

काही मैत्रिणी म्हणतात, ‘हे श्रीमंतांचं फॅड आहे.’ त्यांचं चुकत नाही. शहरात डूला मिळते ती पैसे मोजणाऱ्यांनाच. म्हणूनच मी म्हणते, सोबत हा विकत घ्यायचा माल नको, हक्क हवा. केंद्र सरकारने २०१६ सालीच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी, असं कळवलं आहे. जिथे खाजगीपणा राखता येतो तिथे नवऱ्यालाही मुभा आहे. पण दोन खाटांमध्ये पडदा नसला, की ‘गर्दी होते’ म्हणून सासूलाही बाहेर काढतात. म्हणजे अडचण पडद्याची. शिक्षा मात्र बाईला!

आता दुसरी बाजू. कळा घड्याळ बघून येत नाहीत. माझा मुलगा सहा वर्षांचा, मुलगी तीन. रात्री दोनला फोन आला की मी निघते, ती कधीकधी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतते. ‘स्वतःची पोरं टाकून दुसऱ्यांची बाळंतपणं कसली करतेस?’ हे मला घरी आणि दारी ऐकावं लागतं. नवरा डबे करतो, शाळेत सोडतो, तर शेजारी म्हणतात, ‘नशीबवान आहेस, मदत करतो.’ त्याच्याच मुलांचं त्याने केलं, तर ती मदत कशी? डॉक्टर रात्रपाळीला गेले तर त्यांची मुलं कोण सांभाळतं, हे कोणी विचारत नाही. आमच्या तिघीजणींनी पाळ्या लावल्या आहेत. एक बाळंतिणीजवळ, दुसरी तिच्या मुलांजवळ, तिसरी झोपलेली. एवढ्याने आमचं भागतं. पण याला काही व्यवस्था म्हणता येणार नाही.

‘डूला’ हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ दासी! हसू येतं आणि रागही. आपल्याकडेही अंगणवाडीतली ‘सेविका’च असते आणि तिला पगार नाही, ‘मानधन’ मिळतं. आशाताई पोटुशी बाईला घेऊन रात्री-अपरात्री दवाखान्यात जाते. ग्रामीण भागात जननी सुरक्षा योजनेखाली एका बाळंतपणामागे तिचे ६०० रुपये ठरलेले आहेत, तेही आधीच्या तपासण्या धरून. तिच्या घरी झोपलेल्या लेकरांचा हिशोब कुठल्याच रकान्यात नाही. बाईच्या कामाला सेवा म्हटलं की त्याचा मोबदला द्यावा लागत नाही, ही युक्ती जुनी आहे. आपण नव्या नावाने तीच पुढे चालवायची का?

म्हणून माझ्या मागण्या दोन आहेत आणि त्या एकमेकींपासून सुट्या करता येणार नाहीत. प्रत्येक प्रसूतीगृहात पडदा आणि बाईने स्वतः निवडलेली सोबतीण हवी. आणि सोबत करणारीला, मग ती आशा असो वा डूला, रीतसर वेतन आणि रात्रीही चालणारं पाळणाघर हवं. पहिली मागणी मान्य करून दुसरी टाळली, तर एका बाईची सोय दुसऱ्या बाईच्या पोरांच्या जिवावर होईल.

मैत्रिणींनो, आपापल्या गावच्या सरकारी दवाखान्यात जाऊन एवढंच विचारा: ‘इथे सोबतीणीला आत घेता का? नसाल, तर का नाही?’ मिळालेलं उत्तर लेखी मागा. तिथून सुरुवात करू.