विश्लेषण : सुरजागडच्या खनिजाचा पृष्ठभाग ‘वाचता’ येईल का?

सुरजागड (ता. एटापल्ली) येथे उत्तम प्रतीच्या हेमॅटाइटबरोबरच बीएचक्यू हा खडकही आहे. त्यात लोह कमी, क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी जास्त. दोन्ही वेगळे करण्याची एक पद्धत म्हणजे फ्लोटेशन. खडकाची भुकटी पाण्यात घालतात, रसायन एका खनिजाच्या कणांना चिकटते आणि ते कण बुडबुड्यांबरोबर वर येतात. हे वेगळे करणे जितके ढिसाळ, तितके लोह गाळात जाते. गाळ साठवायला जागा लागते आणि इथे जागा म्हणजे बहुतेकदा जंगलच. रसायन चिकटते ते पृष्ठभागाला. म्हणून हा प्रश्न.

पृष्ठभाग वेगळा का?

आतल्या अणूला चहूबाजूंनी शेजारी असतात, वरच्याला एका बाजूला कोणीच नसते. त्यामुळे तिथल्या इलेक्ट्रॉनांना आत नसलेल्या ऊर्जा-अवस्था मिळतात.

त्या मोजतात कशा?

गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी 1981 मध्ये झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप (एसटीएम) तयार केला. 1986 चे नोबेल त्यांना विभागून मिळाले. अतिसूक्ष्म टोकाची सुई पृष्ठभागापासून नॅनोमीटरहूनही कमी अंतरावर धरतात. स्पर्श होत नाही, तरी इलेक्ट्रॉन मधली फट ओलांडतात. फट 0.1 नॅनोमीटरने वाढली, की प्रवाह साधारण दहापट घटतो. सुई एका जागी स्थिर ठेवून व्होल्टेज बदलत गेले, तर कोणत्या ऊर्जेला किती अवस्था आहेत हे प्रवाहातील बदलावरून कळते. हीच टनेलिंग स्पेक्ट्रोस्कोपी. 1993 मध्ये आयबीएमच्याच कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी तांब्यावर लोखंडाचे 48 अणू वर्तुळात मांडले, तेव्हा आतल्या पृष्ठ-इलेक्ट्रॉनांच्या लाटा चक्क दिसल्या.

महाराष्ट्रात काय चालते?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने असे यंत्र स्वतः उभारले. त्याचा तपशील 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. निरपेक्ष शून्याच्या अवघे 0.35 अंश वर आणि 9 टेस्ला चुंबकीय क्षेत्रात ते चालते. त्यावर अभ्यास होतो तो नायोबियम नायट्राइडसारख्या अतिवाहकांचा, खनिजांचा नव्हे. केंद्राच्या 6,003.65 कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमुळे अशा पदार्थांना आता महत्त्व आले आहे.

मग सुरजागडला उपयोग?

थेट नाही. सुईला प्रवाह हवा. क्वार्ट्झ विद्युतरोधक आहे. हेमॅटाइट अर्धवाहक, तेही कमी वाहकतेचे. शिवाय हवेतल्या कणावर लगेच पाण्याचा थर बसतो, म्हणून प्रयोग अतिनिर्वात कक्षात, मुद्दाम स्वच्छ केलेल्या स्फटिकांवर होतात. मॅग्नेटाइट त्यात बरा वाहक, त्यामुळे त्याच्यावर बरेच काम झाले आहे. लोह ऑक्साइडवर रेणू कुठे आणि कसा बसतो, हे त्यातून समजते. पण तिथपासून फ्लोटेशनच्या टाकीपर्यंतचा रस्ता लांबचा आहे. ‘नॅनो’ शब्द लावून कोणी तो जवळचा म्हणून दाखवला, तर सावध राहावे. बीएचक्यूसाठी सध्या पाण्यातील कणांवरचा विद्युतभार, म्हणजे झीटा विभव मोजणारे यंत्रच जास्त कामाचे. त्याला ना उणे तापमान लागते, ना निर्वात कक्ष.