सहीच्या वरचे चार स्वर

लाइपझिगच्या जुन्या नगरभवनातल्या संग्रहालयात योहान सेबास्टियन बाखचे तैलचित्र आहे. एलियास गॉटलोब हाउसमानने ते १७४६ साली रंगवले. बाखच्या उजव्या हातात कागदाचा तुकडा आहे आणि त्यावर सहा आवाजांची 'कॅनन' ही संगीतरचना. लिहिलेत ते तीनच आवाज. उरलेले तीन पाहणाऱ्याने त्यांतूनच हुडकून काढायचे. छायाचित्रकला यायला अजून अवकाश होता, पण चेहरा आणि स्वर एकत्र देण्याची रीत इथे पुरती दिसते.

१८५४ मध्ये पॅरिसचा छायाचित्रकार दिस्देरी याने एकाच काचेवर अनेक छोटी छायाचित्रे घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. फोटो व्हिजिटिंग कार्डाएवढे झाले, स्वस्त झाले आणि चाहते ते सहीसाठी संगीतकारांपुढे धरू लागले. कोऱ्या जागेत हातानेच पाच रेघा ओढायच्या, त्यांवर एखाद्या रचनेचे चार स्वर, खाली सही, गाव, तारीख. असे स्वर असले की संग्राहक जास्त किंमत मोजतात, आणि ते योग्यच आहे. सही हात सवयीने करतो. कोणते स्वर लिहायचे, हे मात्र ठरवावे लागते.

ब्राम्सने काय ठरवले ते पाहा. योहान श्ट्राउसच्या घरातल्या एका हातपंख्यावर त्याने श्ट्राउसच्याच 'ब्लू डॅन्यूब'चे सुरुवातीचे स्वर लिहिले आणि ही रचना दुर्दैवाने आपली नाही, असे नोंदवून खाली सही केली. एका संगीतकाराने दुसऱ्याला दिलेली इतकी मोकळी दाद क्वचितच सापडते.

रोसिनीची तऱ्हा आणखी वेगळी. १८२९ च्या 'विल्यम टेल'नंतर त्याने ऑपेरा लिहिणे थांबवले, पण सहीसाठी लोकांच्या वह्या येतच राहिल्या. त्याने मेतास्तासियोच्या नाटकातल्या, दुःख मुकाट्याने सोसण्याबद्दलच्या काही ओळी निवडल्या आणि त्यांनाच पुन्हा पुन्हा चाली लावल्या. शब्द तेच, चाल निराळी. अशा चालींची संख्या काही डझनांत जाते. वही घेऊन आलेल्याला शिळे काही द्यायचे नाही, हा केवढा मोठेपणा!

बाजारात छापील सह्यांचे फोटोही भरपूर फिरतात. भिंगाखाली छापील रेघ बहुधा ठिपक्यांत फुटते. खऱ्या शाईची रेघ अखंड राहते, तिरप्या उजेडात फोटोच्या पृष्ठभागापासून वेगळी दिसते आणि एक रेघ दुसरीला छेदते तिथे गडद होते.

लेखक श्टेफान झ्वाइगने संगीतकारांची हस्तलिखिते आयुष्यभर जमवली. मोझार्टने १७८४ पासून स्वतःच्या हाताने ठेवलेली रचनांची यादीही त्याच्याकडे होती. झ्वाइगच्या वारसांनी १९८६ मध्ये हा संग्रह ब्रिटिश लायब्ररीला दिला, म्हणून तो आज अभ्यासकांना पाहता येतो. खासगी संग्राहकांनीही निदान आपल्या पानांच्या प्रती ग्रंथालयांना द्याव्यात. आणि असे पान हाती आले, तर सहीवरून नजर हलवून आधी ते चार स्वर वाजवून पाहावेत.