नगराचा जीर्णोद्धार

विजयादशमीच्या पहाटे तुळजापुरी आई भवानीचे सीमोल्लंघन होते. ज्या पालखीतून ते होते, ती पालखी आमच्या नगराला लागून असलेल्या बुऱ्हाणनगरहून जाते, हे या जिल्ह्यातील भाविकांस सांगावयास नको. ही पालखी दरवर्षी नवी असते. देवीच्या श्रमनिद्रेचा पलंगही नवाच. गतवर्षीचे लाकूड चालत नाही. मान मात्र तोच राहतो, सेवेचा क्रम तोच राहतो. जुने ते सर्व जसेच्या तसे राखावे, असे म्हणणाऱ्यांनी आणि जुने ते सर्व पाडून टाकावे, असे म्हणणाऱ्यांनीही या पालखीकडे एकवार पाहावे, म्हणून आरंभी तिचे स्मरण केले. कारण आज विषय आहे तो आमच्या नगराचा.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमदाने सीनाकाठी वसविलेल्या या शहरास २०२४ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव मिळाले. सप्टेंबर २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाची पाटीही बदलली. आम्हांस आनंद झाला, हे मोकळेपणाने लिहितो. चौंडीच्या या कन्येचे आख्यान आम्ही गेली चाळीस वर्षे नारदीय गादीवरून लावीत आलो आहोत. तथापि नाव धारण करणे म्हणजे त्या नावाचे ऋण अंगावर घेणे होय. अहिल्यादेवींचे नाव ज्या एका कार्याशी कायमचे जोडले गेले, ते कार्य म्हणजे जीर्णोद्धार. तेव्हा त्यांच्या नावाच्या शहराचा जीर्णोद्धार कसा चालला आहे, हे पाहणे क्रमप्राप्त ठरते.

आमचे वास्तव्य आता नेवाशास, परंतु जन्म नालेगावातला. जुन्या पेठांतून आज हिंडताना मन विषण्ण होते. ज्या वाड्यांच्या चौकांत रामनवमीचे नऊ दिवस कीर्तन चाले, त्यांतील कित्येकांच्या भिंतींतून पिंपळ उगवला आहे. दारास कुलूप, आणि वारसांचे पत्ते पुण्याचे. नगरची लुगडी एकेकाळी दूरवरच्या बाजारांत जात. ते माग मिटले, आणि विणकरांच्या घरांतील स्त्रियांच्या हाती विड्यांचे सूप आले. भोवतालचा कोट तर केव्हाच गेला; माळीवाडा वेस आणि दिल्ली दरवाजा तेवढे उभे आहेत, त्यांच्याखालून रिक्षा कशाबशा निघतात. कापूरवाडी, वडगाव, शेंडी या बाजूंनी खापरी नळांतून, केवळ उताराच्या बळावर, शहरात पाणी आणण्याची निजामशाहीतील योजना ज्यांनी वाचली आहे, त्यांना आज सीनेचे काळे, आक्रसलेले पात्र पाहवत नाही. पाणी आणणाऱ्याचा धर्म कोणता होता हे तहानेने कधी विचारले नाही. त्या नळांची आठवण हिंदू घरांनीही कृतज्ञतेनेच ठेवावी.

हे झाले एका डोळ्याने पाहणे. दुसराही डोळा उघडला पाहिजे. आमच्या बालपणीच्या त्या वाड्यांत एका नळावर दहा बिऱ्हाडे असत आणि उन्हाळ्यात पहाटे तीन वाजता हंडे रांगेत लागत. शौचकूप कसले होते आणि त्यांची सफाई कोणाच्या डोक्यावरून होत असे, हे स्मरणरंजनात रमणाऱ्या आमच्या पिढीने विसरू नये. वाड्याच्या चौकातील कीर्तनास सर्व जातींना सारखे बसावयास मिळे, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस नाही. मुळा धरणाच्या ज्ञानेश्वरसागराचे पाणी शहरास मिळाले, सावेडी आणि केडगाव या बाजूंस घरे झाली, त्या घरांत उजेड आणि वारा आहे. २०२२ साली उड्डाणपूल खुला झाला. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीडपर्यंत आगगाडी धावू लागली. अवघे १६७ किलोमीटर, पण त्यासाठी पिढ्या ताटकळल्या. १९७२ साली याच शहरातील कारखान्यातून लुना बाहेर पडली, आणि मध्यमवर्गाच्या दारी यंत्राचे वाहन प्रथमच उभे राहिले. आमचे टाळ दुरुस्त करून देणाऱ्या कासाराने दुकान बंद केले, तेव्हा आम्ही हळहळलो. तो मात्र हळहळला नाही. मुलगा सुप्याच्या कारखान्यात लागला आहे, पगार वेळेवर येतो, हात भाजत नाहीत, असे त्याने सांगितले. त्याला आम्ही कोणत्या तोंडाने उपदेश करावा?

म्हणून प्रश्न जुने की नवे असा नाहीच. जीर्णोद्धार या शब्दाकडेच पाहू. जीर्णाचा उद्धार, म्हणजे झिजलेल्याला वर उचलणे. आगमग्रंथांत याचा विधी सांगितला आहे, आणि तो अत्यंत व्यवहारी आहे. मंदिर वा मूर्ती जीर्ण झाली तर थेट पहार लावावयाची नाही. प्रथम देवतेचे तत्त्व कलशात आवाहन करून घ्यावयाचे. मग जवळच एक छोटे, तात्पुरते देवालय उभारावयाचे. त्यास बालालय म्हणतात. काम वर्षभर चालो वा दहा वर्षे, नित्यपूजा त्या बालालयात अखंड चालली पाहिजे. पूजेत खंड पडला तर दोष मानला आहे. काम पुरे झाले की देवता पुन्हा गर्भगृहात. जुनी शिळा जाऊ शकते, भिंत नवी येऊ शकते. शास्त्राची तीस हरकत नाही. मधल्या काळात प्राण उघड्यावर पडता कामा नये, एवढाच शास्त्राचा आग्रह.

आमच्या शहराच्या नूतनीकरणात नेमके हे बालालय नाही. रस्ता रुंद होतो, ते आवश्यकही असते. परंतु तेथे तीन पिढ्या बसलेला बांगडीवाला मधल्या दोन वर्षांत कोठे बसतो? तो बसला नाही तर गिऱ्हाईक तुटते, आणि नवा गाळा तयार होतो तेव्हा तो घेण्याची ऐपत दुसऱ्याच कोणाची असते. वाडा पडतो, सदनिका उठतात. वाड्यातील भाडेकरू म्हातारी मुलीकडे जाते ती परत येत नाही. इमारत नवी झाली, पण पूजेत खंड पडला. आम्ही ज्याला पेठेचे पडणे म्हणतो, ते पुष्कळदा या खंडामुळे असते, जुनेपणामुळे नव्हे.

अहिल्यादेवींनी काशी विश्वनाथाचे मंदिर १७८० च्या सुमारास उभारले, ते जुन्या स्थळाच्या शेजारी. सोमनाथासही त्यांनी भग्न मंदिरापासून काही अंतरावर नवे मंदिर बांधून पूजा सुरू केली. जुनी जागा जशी होती तशीच मिळेल, मगच पूजा, असा हट्ट त्यांनी धरला नाही. आणि महेश्वरास घाट बांधताना त्यांनी विणकर आणून वसविले, हे आम्ही कीर्तनकार फारसे सांगत नाही. देवळाइतकीच त्यांना मागांची काळजी होती. महेश्वरी साडी आजही विणली जाते. चौंडीच्या स्मृतिस्थळासाठी मे २०२५ मध्ये सुमारे ६८१ कोटींच्या आराखड्यास मंजुरी मिळाली. ते काम उत्तम व्हावे. परंतु त्या मातेच्या नावाच्या शहरात मिटलेल्या मागांविषयी कोणी एक ओळही लिहू नये, हे आम्हांस खटकते.

जुन्या शहराचे संग्रहालय १९६० पासून पोथ्या, हस्तलिखिते सांभाळीत आहे, जिल्हा वाचनालय तर १८३८ पासूनचे. जपणूक आम्हांस येत नाही असे नाही. जे कागदाच्या बाबतीत साधले ते माणसांच्या बाबतीत साधावे. आमची सूचना लहान आहे. यापुढे जुन्या पेठेत रस्ता रुंद करावयाचा असेल, तर ज्या नोटिशीवर पाडकामाची तारीख असेल त्याच नोटिशीवर तात्पुरत्या गाळ्याचा क्रमांक असावा, आणि नवा गाळा प्रथम त्यालाच, त्याच्या ऐपतीच्या भाड्यात, देण्याचे लेखी वचन असावे. वाड्यातील भाडेकरूलाही तसेच. नवरात्राच्या मंडपात येणाऱ्या नगरसेवकांना माताभगिनींनी ओवाळताना एवढे अवश्य विचारावे.