तीन आकडे आणि चमचाभर ऑइल

इंदूरच्या आपल्या कितीतरी घरांत अजून एखादी जुनी मारुती ८०० असते. बाबांनी घेतलेली पहिली गाडी, म्हणून ती विकवत नाही; आणि मेकॅनिक ‘इंजिन बनवावं लागेल’ म्हणाला की पोटात गोळा येतो. आमच्याकडेही तेच झालं. होकार देण्याआधी मी कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगितली.

सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, हे ही टेस्ट मोजते. इंजिन गरम हवं, बॅटरी चार्ज, सगळे स्पार्क प्लग काढलेले, इग्निशन बंद केलेलं आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. मग एकेका सिलिंडरला गेज लावून काही सेकंद सेल्फ मारायचा. बॅटरी उतरलेली असली किंवा ॲक्सिलरेटर दाबला नाही, तर चांगलं इंजिनही कमी आकडे दाखवतं.

आमचे आकडे आले १६५, १६० आणि ११० पीएसआय. अपेक्षित दाब गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, पण आपसातली तुलनाही तेवढीच महत्त्वाची. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या निदान ७५ टक्के असावा, हा ढोबळ नियम. १६५ चे ७५ टक्के साधारण १२४. म्हणजे तिसरा सिलिंडर नापास.

मग त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजलं. रिंग किंवा बोअर झिजले असतील तर ऑइल तेवढ्यापुरती फट बुजवतं आणि आकडा चांगला चढतो. आमचा ११५ वरच थांबला. दाब बहुधा व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमधून निसटत होता. दोन सिलिंडरमधलं गॅस्केट फाटलं तर शेजारचे दोघेही पडतात. इथे एकच पडला होता. टॅपेटचं अंतर बरोबर निघालं. हेड उतरवल्यावर दिसलं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. काम हेडपुरतंच झालं, पिस्टनला हात लावावा लागला नाही.

तिन्ही आकडे सारखेच कमी आले तर इंजिन झिजलेलं असू शकतं, किंवा टायमिंग बेल्ट दात सोडून बसलेला. बेल्ट आधी पाहा, ते स्वस्तातलं काम.

तुमच्याकडे कोणी ‘इंजिन खोला’ म्हणालं, तर ऑइल घालण्याआधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर लिहून मागा. तो कागद समोर ठेवून बाबांशी बोला: गाडी ठेवायची, की निरोप द्यायचा.